दोन गाण्यांमधली गोष्ट

जयरामने बास गिटारची तिसरी तार पुन्हा पिळली आणि कान लावून ऐकली. तार जागेवरच होती. चुकलं होतं ते त्याचं बोट, आणि हे हॉलमधल्या कुणाच्या लक्षात आलं नसावं अशी आशा करत तो मान खाली घालून खुंटीशी उगाच खेळत राहिला.

"काका, परत घेवया?" सायलीने स्टेजखालून विचारलं. "'निज गो बाये' पयल्यापासून. आणि निखिल, हात जरा हळू ठेव. सातवो म्हयनो आसा तिका. ती कळशी न्हय."

सगळे हसले. निखिल आणि सुविधाही हसले. निखिल नाटकात सगुण व्हायचा आणि सुविधा त्याची बायको. निखिलने सुविधाच्या पोटाला बांधलेल्या उशीवर हात ठेवला, दुसऱ्या हातात एक इवलीशी लाल चप्पल धरली आणि डोळे मिटून गायला लागला.

निज गो बाये, निज गो,
तांबडे वाटेर येव नको गो,
तुज्या चपलाचो एकच पाय
माज्या दारात कोण ठेवन जाय...

या खेपेला जयराम चुकला नाही. गाण्यात बासला कामच ते केवढं, चार सुरांचं. झोपेतही वाजवलं असतं त्याने. फक्त त्या चपलेकडे बघायचं नाही, एवढं त्याने पाळलं. गाण्यातली ती चप्पल मुळात कुणाची, हे त्या हॉलमध्ये त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाटकाचं नाव 'टिप्पर'. पंचवीसेक वर्षांमागे सुर्लाला खाणीतलं खनिज वाहणारे टिप्पर चालवणाऱ्या चार ड्रायव्हरांनी एक रॉक बँड काढला होता, त्याचंच हे नाव. शहरातल्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण डिचोलीपासून पेडण्यापर्यंत एकही जत्रा या चौघांवाचून पार पडत नव्हती. सगुण गाणी लिहायचा आणि गायचा, जयराम बास वाजवायचा. उरलेल्या दोघांतला एक पुढे आखातात गेला तो तिकडचाच झाला, दुसरा छातीच्या दुखण्याने गेला. सगुण तर त्याच्याही आधी गेला, दारू पिऊन पिऊन. राहता राहिला जयराम. तो लाटंबार्शाला एका काजूच्या बागेत राखण करत होता, आणि बावीस वर्षांत त्याने गिटारला हात लावला नव्हता.

त्याला शोधून काढलं सायलीने. सगुणची ही एकुलती एक मुलगी नुकतीच नाट्यशास्त्र शिकून आली होती. बापाची चौदा गाणी तिने समोर मांडली आणि त्यांच्यामधून एक गोष्ट ओवली. गाणी आधीची, गोष्ट नंतरची. जिथे गाणं यायला हवं तिथे कुणाला तरी प्रेमात पाडायचं, कुणाला तरी मारायचं. गोष्ट तशी लंगडीच होती, पण तिकडे बघतो कोण? पहिल्या प्रयोगाची तिकिटं तीन दिवसांत संपली. खाणी बंद पडल्या त्याला तप उलटून गेलं होतं, घराघरांपुढे चाकं काढलेले ट्रक गंजत पडले होते, आणि त्या ट्रकांच्या मालकांना व ड्रायव्हरांना पुन्हा एकदा ती गाणी घसा फोडून म्हणायची होती. तेव्हा डोक्यावर केस होते, बायकोला आपला धाक होता, रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ते नाटक बघायला येणारच नव्हते. ते स्वतःला बघायला येणार होते. याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

तालीम सुटल्यावर सायली बेकरीतले दोन उंडे आणि चहाचे ग्लास घेऊन जयरामच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"काका, एक विचारूचां आसा. रागावू नकात."

"बोल."

"तो अपघाताचो सीन. तेच्याबगर दुसरो अंक उभोच रवना. पण तुमी नको म्हणालात तर आत्ता काढतंय. ड्रायव्हराक मी नाव दिवक नाय. तरी लोकांक कळतलां."

कळणार होतंच. नाटकात भरधाव टिप्पर एका शाळकरी मुलीला उडवतो. ड्रायव्हर उडी मारून पळतो. मग सगुण धावत येतो, मुलीला हातांवर उचलून घेतो आणि बँडचं सगळ्यात चढं गाणं सुरू होतं. सुर्लातल्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की अशी मुलगी खरंच होती, तिचं नाव सिद्धी, वय वर्षं आठ. आणि गाडी जयराम चालवत होता, अठरा महिने आत बसून आला.

जयरामने उंड्याचा तुकडा चहात बुडवला.

"ड्रायव्हर पळान जाता?"

"व्हय. तो पळालो काय लोकांक राग येता. राग ईलो काय फुडलां गाणां चडता."

"मी पळाक नाय हां."

सायलीचा चेहरा उतरला. "म्हणानच विचारलंय, काका."

"ठेव," जयराम म्हणाला. "तुका होयां तसां ठेव."

तिने सुटकेचा श्वास टाकला. थोड्या वेळाने, बापाविषयी बोलताना तिचा आवाज नेहमीच बारीक व्हायचा तसा करून म्हणाली, "बाकीची गाणी सगळ्यांची. 'निज गो बाये' तेवडां माजां. माजो जल्म जावचे आदी बाबा रोज सांजचे आईच्या पोटार हात ठेवन तां म्हणायचो. आईन सांगलां माका. तेंचां तोंड माका आठवना, काका. फोटोतलां आठवता, खरां नाय."

जयराम बोलायला तोंड उघडणार होता. त्याने ते उंड्याच्या तुकड्याने बंद केलं.

त्या दिवशी गाडी जयराम चालवत नव्हता. आदल्या रात्री इब्रामपूरच्या जत्रेत वाजवून दोघे पहाटे तडक खाणीवर आले होते. खेप चुकवली तर मालक दुसऱ्याला बोलवायचा. ठरलं होतं असं की पहिली खेप सगुणची, दुसरी जयरामची. पण जयराम शेजारच्या सीटवर मेल्यासारखा झोपला होता, आणि सगुणने त्याला उठवलं नाही. झोपू दे म्हणाला असेल. दुसऱ्या खेपेला शाळेच्या वळणावर सगुणचे डोळे मिटले. जयराम जागा झाला तो ब्रेकच्या आवाजाने. समोर लाल मातीत एक चप्पल पडली होती. एकच.

मालक पोलिसांच्या आधी पोचला. पोलीस येतील तेव्हा सीटवर कोण बसलेला आहे एवढंच धंद्यात बघितलं जायचं, आणि कुणाला बसवायचं हे मालक ठरवायचा. त्याने दोघांकडे पाहिलं. सगुणची बायको सात महिन्यांची गरोदर होती. जयरामच्या मागे कुणी नव्हतं. मालकाला फार बोलावं लागलंच नाही. ती खेप आपली होती, हे जयरामच्या डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं, आणि तो सरकून स्टिअरिंगमागे बसला. मूल झाल्यावर मी सगळं सांगून टाकतो, असं सगुण त्याच्या गळ्यात पडून म्हणाला होता. मूल झालं. सगुण तुरुंगात एकदाच भेटायला आला, जाळीपलीकडे उभा राहून त्याने हलक्या आवाजात हे गाणं म्हटलं. "त्या वळणावरल्या पोरीसाटी," म्हणाला आणि रडला. पुन्हा आला नाही. जयराम सुटून बाहेर आला तेव्हा ते गाणं प्रत्येक टेम्पोत वाजत होतं आणि आया त्यावर पोरं निजवत होत्या.

चार दिवसांवर प्रयोग आला तेव्हा जयराम सुर्लाला गेला. हर्षा, सगुणची बायको, सोप्यावर बसून तांदूळ निवडत होती. त्याला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण ये म्हणाली नाही.

"पोटार हात ठेवन म्हणायचो?" जयरामने उभ्याउभ्याच विचारलं.

हर्षाने मान वळवली. "पोर विचारी, बाबा माज्यासाटी काय करायचो. काय सांगू होयां तिका? तू पोटात असल्यापासून तो माज्याकडे एक सबद धड उलवाक नाय म्हणान? रातीचो उठान दाराकडे बसायचो म्हणान?"

"म्हणजे तुका म्हायत आसा."

"मरताना सांगलां तेणा. तू तवसर लाटंबार्शाक गेलेलंस. मी येवन तुज्या पायां पडाक होयां होतां." तिने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला. "नाय ईलंय. पोर पाच वर्सांची होती."

"आता एकवीसांची जाली."

"व्हय."

"माका आता सांगूचां आसा, हर्षा. तिका आणि सुमनाक, दोघांकय. माका म्हातारपणात तरी मान वर करून त्या वळणावरसून जावचां आसा."

सुमन ही सिद्धीची आई. नवऱ्याबरोबर सावंतवाडीकडून खाणीवर मजुरीला आलेली. मुलगी गेल्यावर नवरा गावी परत गेला, ही मात्र ते वळण सोडून हलली नाही. शाळेत पोरांना जेवण रांधून घालते. जयराम सुर्लाला यायचाच बंद झाला तो तिच्यामुळे. एकदा ती समोर आली होती आणि त्याच्या सावलीवरसुद्धा पाय पडू नये म्हणून रस्ता ओलांडून गेली होती. तेवढं त्याला पुरलं.

हर्षाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "पयलो प्रयोग जाव दी. पोरीन वर्सभर जीव काडलो तेच्यात. मागीर सांग. मी आड येवचंय नाय."

त्या संध्याकाळी जयराम घरी चालत गेला. बस होती, पण त्याला चालावंसं वाटलं. सांगायचं वाक्य त्याने वाटेतच तयार केलं आणि पुढचे चार दिवस घोळवून घोळवून गुळगुळीत केलं. मी नव्हतंय. बस, एवढंच. बाकीचं ती विचारेल तसं. तालमीत तो इतकं चांगलं वाजवू लागला की ड्रमवरचा प्रज्योत म्हणाला, "काका, तुमी आता घोडो सुटल्यासारके सुटलात." जयराम मनापासून हसला. कितीतरी वर्षांनी त्याला खरंच बरं वाटत होतं.

प्रयोग रविवारी संध्याकाळी पाचला, डिचोलीत. साडेचारलाच हॉल भरला. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, पडदा सरकला आणि पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीपासून निखिलला गायची गरजच उरली नाही. पन्नाशीचे पोटसुटे गृहस्थ खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. त्यांच्या बायका त्यांना खाली ओढत होत्या आणि स्वतःही गात होत्या. मधले संवाद सुरू झाले की लोक घाम पुसायचे, पाणी प्यायचे आणि पुढच्या गाण्याची वाट बघायचे. दुसऱ्या रांगेत हर्षा बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर सुमन होती. तिला सायलीने घरी जाऊन हाताला धरून आणलं होतं. जयरामला हे पडदा उघडल्यावर कळलं.

अपघात दुसऱ्या अंकात आला. ड्रायव्हर झालेला योगेश उडी मारून पळाला आणि हॉल खवळला.

"धरा तेका!"

"मारा रे रांडेच्याक!"

हे नाटक आहे याची काही जणांना आठवण राहिली नव्हती, आणि काही जणांना फारच चांगली आठवण होती. त्यांनी ओरडताना तोंडं योगेशकडे नाही, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातल्या बासवाल्याकडे वळवली. जयरामने वाजवणं थांबवलं नाही. पळणाऱ्याच्या पावलांचा ठेका बासवरच होता. आजचा दिवस, तो मनाशी म्हणत होता. आजच्या दिवसापुरतं.

मग 'निज गो बाये' आलं. दिवे मंद झाले, लोकांनी मोबाइलचे उजेड वर धरले आणि सगळा हॉल हळू आवाजात गायला लागला. कुणी आपल्या पोरीला मांडीवर घेऊन थोपटत होतं, कुणी पोरगी सासरी गेली म्हणून डोळे पुसत होतं. एका गाण्यात इतक्या लोकांच्या इतक्या मुली मावल्या होत्या, आणि जिची ती चप्पल तिला मात्र जागा नव्हती.

दुसऱ्या कडव्याला सुमन उठली. तिच्या हातात नारळ होता. आपल्याकडे गाणं रंगात आलं की प्रेक्षकांतून कुणीतरी नारळ नाहीतर हार घेऊन स्टेजवर चढतोच. गाणारा थांबतो, वाकून नमस्कार करतो आणि पुढे गातो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. निखिल थांबला, वाकायला पुढे झाला. सुमन त्याला ओलांडून पुढे गेली आणि डाव्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली.

हॉल गप्प झाला. सुर्लातल्या माणसांना काही सांगावं लागलं नाही, आणि इतरांना त्यांनी पटकन सांगितलं.

"जयराम," सुमन म्हणाली. आवाज तिचाच होता, पण थकलेला. "बावीस वर्सां मी तुज्या नावान बोटां मोडलंय. सकाळी उठान पयलां तां काम. आज हां गाणां ऐकलंय आणि..." तिने एकदा मागे, उजेडांकडे पाहिलं. "पुरे जालां रे आता. दमलंय मी. तुका माफ केलंय. घे."

तिने नारळ पुढे केला.

वाक्य तयार होतं. जिभेवरच होतं. जयरामने हॉलकडे पाहिलं. हर्षाने पदर तोंडात कोंबला होता आणि ती जमिनीकडे बघत होती. विंगेत सायली दोन्ही हात छातीशी धरून रडत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्याच्याकडे बघवेना. मग त्याने सुमनकडे पाहिलं. बावीस वर्षं ताठ राहिलेले तिचे खांदे खाली आले होते. आता बोललं तर हिला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि तेही मेलेल्या माणसावर, ज्याच्या गाण्याने आत्ताच तिचं मन निवलं त्याच्यावर. नारळ तिने तसाच पुढे धरला होता. फार वेळ धरवणार नव्हता तिला तो.

जयरामने गिटार खांद्यावरून उतरवली आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

"चूक जाली गो, सुमन," तो म्हणाला. "माजी चूक जाली."

हे शब्द त्याने कोर्टातही उच्चारले नव्हते. तिथे नुसती मान हलवली होती. इथे ते सरळ आले, न अडखळता, आणि आपलेच असल्यासारखे आले, याचं त्यालाच नवल वाटलं.

सुमन खाली उतरायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. कुणीतरी वन्स मोअर ओरडलं, मग सगळेच ओरडले, आणि ते गाण्याला होतं की त्या दोघांना हे काही कळायला मार्ग नव्हता. प्रज्योतला काय करावं सुचेना, त्याने ठेका धरला. हॉल पुन्हा पहिल्या ओळीपासून गाऊ लागला.

प्रयोगानंतर जयराम मेकअपच्या खोलीत एका कोपऱ्यात गिटार फडक्याने पुसत बसला होता. सायली आली ती त्याच्या गळ्यातच पडली.

"काका! ती अशी येयत म्हणान माका सपनात पण नव्हतां. तुमी बासार आसतलात एवडांच मी तिका सांगलेलां." तिच्या हातातला मोबाइल थांबायला तयार नव्हता. "बगा, लोकांनी व्हिडिओ घातल्यानी सुदां. पेडण्याच्या प्रयोगाची तिकिटां सोपली. सगळे विचारतत, ती माय थंयय येतली काय म्हणान."

जयराम पुसत राहिला.

"मी सुमनमावशीक विचारलंय. ती म्हणाली, येतंय. तिका बरां वाटलां म्हणता, काका. बावीस वर्सांत पयल्यांदा. तुमी करशात? योगेशाक काडूया. ड्रायव्हर तुमीच. आणि तो पळाचो नाय, तुमी म्हणालात तसो. शेवटाक माफी मागतलो." ती एका दमात बोलून गेली आणि मग एकदम थांबली. "आणि हां, आई सांगा होती, तुमका माज्याकडे कायतरी उलवूचां आसा."

दाराशी हर्षा येऊन उभी होती. ती आत आली नाही, गेलीही नाही.

जयरामने फडकं घडी करून पिशवीच्या कप्प्यात ठेवलं. गिटार आत सरकवली, चेन ओढली. ती मध्येच अडकली, त्याने ती मागे घेऊन पुन्हा ओढली.

"व्हय," तो म्हणाला. "पेडण्याक मी काय म्हणूचां तां माका लिवन दी, बाय. आज सुचलां तां दरखेपेक सुचतलांच असां नाय."